आईचा घास

आमच्या घरात आई एकच आहे, आणि ती मी. हे मी सूनबाईला ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि नातू झाल्यावर परत सांगितलं. मुलगा मला आई म्हणतो. सून आई म्हणते. खाली आमच्या फ्रेमच्या दुकानात लाकडी पट्ट्या कापणारा म्हातारा आहे, त्याला सगळे फुटपट्टी म्हणतात. तो माझ्याहून वयाने मोठा, तरी मला आई म्हणतो. रस्त्यापलीकडचा किल्लीवालाही म्हणतो. मग नातवाने आजी म्हणून मला एका दिवसात म्हातारी करायचं काही कारण नव्हतं.

मी म्हटलं, "पोरगं मला आई म्हणेल, तुला मम्मी म्हणेल. मम्मी काय वाईट आहे? नवाकोरा शब्द आहे, धुऊन पुसून ठेवल्यासारखा."

सूनबाई बोलत नाही, भांडी आपटते.

नातवाचं नाव चांगलं ठेवलेलं आहे, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नाही. डब्यातल्या पावडरीचा पहिला चमचा तोंडात गेल्यावर त्याने जे तोंड केलं, ते बघून माझ्या नणंदेने त्याला लिंबू म्हटलं आणि तेच चिकटलं. सूनबाई दाताच्या दवाखान्यात कामाला आहे. दिवसभर तिथे हत्यारं उकळायची आणि घरी येऊन चमचे उकळायची. बाळाच्या खाण्याचे डबे तिने फडताळात ओळीने मांडले होते. प्रत्येक डब्यावर गुबगुबीत पोराचं चित्र, आणि आमचा लिंबू त्यातली एकूण एक चव थुंकून टाकायचा. दुधावरचा वरच्या खाण्यावर येईना. मांड्या सुकायला लागल्या.

बाळांच्या दवाखान्यातली नर्स लठ्ठ आणि तोंडाळ होती. मला आवडली. तिने लिंबूला तराजूत ठेवलं, काट्याकडे बघून ओठ चावले आणि विचारलं, "घरी सकाळी काय खाता तुम्ही?"

"मी ओट्स खाते," मी म्हटलं. "मुलगा कॉर्नफ्लेक्स खातो. नणंद टोस्ट खाते, आणि शिवाय माझे ओट्स."

"मग त्यातलंच द्या याला. डबे कशाला? मऊ करा, मीठ-साखर पडायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढा. मध मात्र वर्षाचा होईपर्यंत नको. दुपारी तुमचाच बटाटा, तुमचंच गाजर, कुस्करून. आणि तुम्ही सगळे बसता तिथेच त्याला बसवा. पोरं बघून बघून शिकतात."

घरी येताना मी सूनबाईकडे बघितलंसुद्धा नाही. न बघताही माणसाला पुष्कळ बोलता येतं.

फुटपट्टीने उरलेल्या पट्ट्यांची उंच खुर्ची करून दिली. माणूस मापाचा पक्का, पण पुढच्या फळीला कड लावायला साधी पट्टी उरली नव्हती, म्हणून त्याने फोटोची सोनेरी नक्षीची पट्टी लावली. त्या खुर्चीत बसलेला लिंबू भिंतीवर टांगायचा राहिलेल्या फोटोसारखा दिसायचा. नणंद खूप हसली. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. आमच्या दुकानात दोनच तऱ्हेचे फोटो येतात, लग्नाचे आणि गेलेल्यांचे. लग्नाचे लोक तासभर पट्ट्या उलटसुलट करतात. दुसरे लोक समोर असेल ती उचलतात.

पण लिंबू खायला लागला. ओट्स दुधात मऊ शिजवून त्यात केळं कुस्करायचं, कॉर्नफ्लेक्स चुरून कोमट दुधात लगदा होईपर्यंत ठेवायचे, टोस्टची मऊ बाजू बोटभर कापून हातात द्यायची. आणि भरवायचं नावाने. कावळ्या-चिमण्यांच्या नावाने मी भरवत नाही, पाखरांचा आणि आमच्या घराचा काय संबंध? मी माणसांच्या नावाने भरवते. हा घास आईचा. हा मम्मीचा. हा बाबांचा. हा आत्याआजीचा. हा फुटपट्टीचा, कारण तो सकाळी चहाला वर यायचा. हा पाववालीचा, कारण ती दारात पावाची लादी घेऊन उभी असायची आणि लिंबूला डोळा मारायची. हा मांजरीचा, कारण ती टेबलाखाली असायची. ज्याचा घास त्याच्याकडे लिंबू बघायचा, तोंड उघडायचा, आणि मटकावून झाल्यावर पुढच्याकडे वळायचा. एकाला वगळलं तर अडून बसायचा. नणंद म्हणायची, "वहिनी, तुमचाच नातू. हजेरी घेतल्याशिवाय जेवत नाही."

एक दिवस तो मांजरीच्या घासाला तोंड उघडेना.

पोरं तोंड मिटतात त्यात काही नवल नाही. पण ती मान फिरवतात, हात मारतात, ओरडतात. लिंबूने यातलं काही केलं नाही. ओठ मिटले, टेबलाखाली मांजरीकडे बघितलं, आणि बघतच राहिला, शांत, एक डोळा किंचित बारीक करून. कोणी फोटो आणला की फुटपट्टी तो हातात धरून असाच बघतो. फ्रेम किती लागेल याचं माप घेत.

मांजर संध्याकाळी दुकानातल्या काचेच्या तावांमागे सापडली. ताठ झालेली, अंगावर ओरखडा नाही. म्हातारी होती. मी फुटपट्टीला ती नीट पुरायला सांगितली आणि विषय संपला.

नंतर पाववाली. तोंड भरून हसणारी बाई, दंड कणीक मळून मळून घट्ट झालेले. ती दारात उभी होती, मी चमचा उचलला, "हा घास पाववालीचा," आणि लिंबूने ओठ मिटले. तोच डोळा. ती म्हणाली, "काय रे, आज कट्टी?" आणि हसत जिना उतरली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ दुकानात आला. हातात तिचा फोटो. काल दुपारी भट्टीसमोर उभी होती आणि बसली, ती बसलीच, दवाखान्यात नेऊनही उपयोग झाला नाही, एवढंच तो सांगत होता. पट्टी कुठली हवी विचारल्यावर त्याने समोरची पहिली उचलली.

फ्रेम तयार होऊन काउंटरवर ठेवली होती. मी तिच्याकडे बघितलं. पट्टी सोनेरी होती, लिंबूच्या खुर्चीला लावलेली तीच नक्षी.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, योगायोग." शिकलेल्या माणसाजवळ एवढा एक शब्द असला की त्याला भीती वाटत नाही.

मी नावं घ्यायचं बंद केलं. मुकाट्याने चमचा पुढे करायचा. लिंबूने तोंड उघडलं नाही. मग मी परक्यांची नावं घेतली, मला जे डोळ्यांसमोर नको असतात त्यांचीच. पाण्याच्या ऑफिसातला साहेब. समोरच्या माडीवर रात्रंदिवस ढोल बडवणारा. माझी चुलत जाऊ. हो, त्यांच्या नावाने त्याने खाल्लं असतं तर मी भरवलंही असतं, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. पण तो ढिम्म. जो समोर दिसतो त्याचाच घास त्याला हवा. मग मी त्याला एकटीच घेऊन मागच्या खोलीत बसले. "हा घास आईचा" म्हटल्यावर गपकन खाल्ला, आणि मग दाराकडे बघत बसला, बाकीचे कधी येतात म्हणून.

दवाखान्यात काटा खाली आला होता. नर्स या वेळी तोंडाळपणे बोलली नाही, हळू बोलली, त्यामुळे मी जास्त घाबरले. म्हणाली, "असंच राहिलं तर भरती करावं लागेल. नाकातून नळी घालतात. लहान आहे हो, टिकायला हवा."

सूनबाईने तिथेच माझा दंड धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "तुम्ही नावं घेत होतात तेव्हा खात होता," ती म्हणाली. "का बंद केलंत? घ्या ना."

घरी आल्यावर मी परत नावं घ्यायला लागले. लिंबू परत खायला लागला, वाटी चाटूनपुसून. गालांवर रंग आला. रोज सकाळी शेवटचा घास गेला की मी टेबल धरून उभी राहायची. सगळ्यांना वाटायचं गुडघे दुखतायत.

त्याच सुमारास एका दुपारी मी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. सूनबाईची सुट्टी होती. ती टाकीच्या सावलीत लिंबूला मांडीवर घेऊन बसली होती, पाठ माझ्याकडे. "आई कोण?" ती त्याला विचारत होती. "आई कुठंय?" आणि त्याचा तळवा उचलून स्वतःच्या गालावर ठेवत होती. "ही आई. मी आई. ती आजी." परत. परत. पोरगं खिदळत होतं. मी बादली घेऊन तशीच मागे फिरले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण चांगलं भांडण घाईत वाया घालवू नये. मी ते राखून ठेवलं.

मग नणंदेची सकाळ आली.

नणंद माझ्याहून लहान, नवरा गेल्यावर आमच्याकडे येऊन राहिलेली. आमचं कधी पटलं नाही आणि आम्हाला एकमेकींशिवाय करमलंही नाही. त्या दिवशी तिने नेहमीसारखा टोस्ट खाल्ला, माझ्या वाटीतले ओट्सही चमच्याने पळवले, आणि वर म्हणाली, "वहिनी, गुठळ्या राहिल्यात."

"हा घास आत्याआजीचा," मी म्हटलं.

लिंबूने ओठ मिटले.

मी दुसऱ्यांदा म्हटलं. केळ्यात लपवून बघितला, त्याने जिभेने बाहेर ढकलला. टोस्टला लावून दिला, त्याने टोस्ट खाली टाकला. तो रडत नव्हता, रागावलाही नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, एक डोळा बारीक करून. सूनबाईच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला. मांजर आणि पाववाली तिच्याही लक्षात होत्या, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी मी नणंदेला जिना उतरू दिला नाही. गॅसजवळ जाऊ दिलं नाही. अंघोळीला गेली तर दाराबाहेर स्टूल टाकून बसले. ती म्हणाली, "आज एवढं प्रेम कसलं उतू चाललंय? माझी बांगडी हरवलीत का?"

"वन्सं, गप्प बसा आणि माझ्या समोर बसा," मी म्हटलं.

"समोर बसून काय करू?"

"मटार सोला."

ती मटार सोलायला बसली. मी बाजूलाच होते, हाताच्या अंतरावर, डोळा हलवला नाही. ती सांगत होती, लहानपणी तिने एक दाणा नाकात घातला होता आणि माझ्या नवऱ्याने तो फुंकर मारून काढला होता. सांगता सांगता थांबली. मला वाटलं आठवतेय. चष्मा तसाच, हातात उघडलेली शेंग, दाणे जागच्या जागी. बाहेर अजून ऊन होतं.

म्हणजे राखण करून उपयोग नाही. एवढं मला कळलं. मुलगाही नंतर योगायोग म्हणाला नाही. सूनबाईने तिच्या डब्यांतली पावडर पुन्हा एकदा मुकाट्याने भरवून बघितली. लिंबूने ती मुकाट्याने नाकारली. दोन वेळा उपाशी राहिल्यावर त्याची मान कलंडायला लागली, आणि सूनबाईने स्वतः ओट्स शिजवून वाटी माझ्या हातात दिली. घरात बोलायचं कोणी उरलंच नव्हतं. टोस्टचा डबा कोणी उघडत नव्हतं.

आज सकाळी टेबलाला आम्ही तिघंच होतो. फुटपट्टी हल्ली चहाला वर येत नाही. जिन्यात उभा राहूनच पितो, खुर्चीकडे पाठ करून. मी चमचा भरला, फुंकर घातली.

"हा घास आईचा."

लिंबूने ओठ मिटले.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. चला, माझी पाळी. वय झालंय, पोरगं धरतंय अंग, नणंद एकटी कंटाळली असेल. मग मी त्याच्या डोळ्याकडे बघितलं. एक डोळा बारीक होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

सूनबाईने कप खाली ठेवला. "आई," ती म्हणाली, "कुठली आई?"

"म्हणजे काय?" मुलाने विचारलं.

"मी त्याला शिकवलंय." ती मुलाशी बोलत होती पण बघत माझ्याकडे होती. "गच्चीवर. रोज. आई म्हणजे मी, असं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "गच्ची काही चंद्रावर नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. वन्सं गेल्या आणि राहून गेलं."

मुलगा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला, भिंतीवरून ओल उतरते तसा. शेवटी त्याने लिंबूला खुर्चीतून उचललं आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. मी ओट्याजवळ, सूनबाई दाराजवळ. कोणी ठरवलं नव्हतं, तसं झालं.

"विचार," मी म्हटलं.

"लिंबू," तो म्हणाला, "आई कुठंय?"

आपल्या लेकराने आपल्याला आई म्हणू नये म्हणून देव पाण्यात घालून उभी राहिलेली बाई मी आज पहिल्यांदा बघितली. सूनबाईने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. ओठांनी ती नाही नाही म्हणत होती, आवाज न करता. लिंबूने बापाच्या खांद्यावरून मान वळवली, इकडे माझ्याकडे, मग तिकडे, आणि तिच्याकडे दोन्ही हात पसरले. ती मागे सरकली. तो हसला, त्याला तो खेळ वाटला. ती सरकत सरकत भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली.

"दवाखान्यात नेऊ हिला," मुलगा म्हणाला. "आत्ता. सगळ्या तपासण्या करू."

"पाववालीला नेलं होतं की," मी म्हटलं. "वन्संना काय झालं होतं ते डॉक्टर अजून शोधतोय. तू गप्प बस. पोराला खुर्चीत ठेव. सूनबाई, ऊठ, रडायचं नंतर बघू. ओट्स गार झालेत, गरम कर."

ती उठेना. मग मी माझा नेहमीचा आवाज काढला, जो मोरीपासून दुकानापर्यंत जातो. "दहा महिन्यांच्या पोराला तू गच्चीत चोरून चार गोष्टी शिकवल्यास आणि तुला वाटलं तू आई झालीस? या घरात आई कोण हे रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. ऊठ. माझी जागा घ्यायला निघाली आहे."

ती उठली. रागाने उठली, आणि रागाने उठलेलं माणूस उभं तरी राहतं. तिने ओट्स गरम केले. आम्ही दोघी लिंबूच्या समोर बसलो, दोन वाट्या, दोन चमचे. नर्स म्हणाली होती पोरं बघून बघून शिकतात. तो भुकेला होता. भुकेलं पोर चमच्याकडे जेवढं बघतं तेवढं देवाकडेही कोणी बघत नाही.

"हा घास आईचा," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडात घातला.

त्याने बघितलं.

"आता तू. मम्मीचा म्हण आणि खा."

"आई, मला जात नाही."

"मलाही गुठळ्या आवडत नाहीत. खा."

"हा घास मम्मीचा," ती म्हणाली आणि खाल्ला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून वाटीत पडत होतं.

"वाटीत मीठ पडू देऊ नकोस," मी म्हटलं. "नर्सने सांगितलंय."

तिला हसू आलं. रडत रडत, नाकातून, घाणेरडं हसू. मुलगा दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता, दोघींनाही वेड लागल्यासारखं. आईचा घास माझ्या तोंडात. मम्मीचा घास तिच्या तोंडात. आईचा. मम्मीचा. किती वेळ चाललं ते मला विचारू नका. लिंबूची मान चमच्याबरोबर इकडून तिकडे जात होती. आधी तो कुरकुरला, फळीवर हात आपटले, मग आपटायचा थांबला. आईचा घास जी खाते ती आई, हे त्याच्या डोक्यात उतरताना मला दिसत होतं, पाण्यात साखर उतरते तसं. त्याचा एक डोळा हळूहळू बारीक झाला, आणि या वेळी तो डोळा माझ्यावर होता.

मी वाटी सूनबाईच्या हातात दिली. "आता त्याला भरव."

"हा घास मम्मीचा," ती म्हणाली. चमचा आधी त्याच्या नाकाला लागला.

लिंबूने तोंड उघडलं. हावरटासारखं. तिच्याकडे बघत गिळला आणि पुढे वाकला, आणखी हवा म्हणून.

"आता माझा."

"नको ना, आई."

"तुला सांगितलं ते कर."

"हा घास," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्याने म्हणवेना. मी तिच्या मनगटाला धरून चमचा पुढे केला आणि मीच म्हटलं, "आईचा."

ओठ मिटले. घट्ट, शांत. त्याने माझं माप घेतलं, डोक्यापासून पदरापर्यंत, कोपरे बघितले. मग ओट्सनी बरबटलेला हात पुढे करून माझ्या गालावर ठेवला, आणि आजवर एक शब्द न बोललेलं ते पोर स्वच्छ म्हणालं, "आई."

चमच्यातला घास मीच खाल्ला. गार झाला होता, पण शिजला चांगला होता. ते मी सूनबाईला सांगितलंही.

आता दुपार उतरायला लागली आहे. मुलाने मला जिना उतरू दिलेला नाही. मघाशी फुटपट्टी वर आला, दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला, आणि सवयीने त्याचा एक डोळा बारीक झाला. मी म्हटलं, "माप घेऊ नकोस असं. आणि सोनेरी पट्टी नको मला, साधी काळी लाव. काचेवर बोटांचे ठसे ठेवशील तर बघ." तो म्हणाला, "आई, काहीतरी बोलू नका," आणि बाही डोळ्यांना लावत खाली गेला.

सूनबाई माझ्यासमोर बसली आहे, हाताच्या अंतरावर. तिने दवाखान्यात आज येत नाही म्हणून कळवलं. मी तिला म्हटलं, राखण करून उपयोग नसतो. ती म्हणाली, माहीत आहे. तरी बसली आहे. मी मटार काढायला सांगितले होते, ते तिने काढले नाहीत, घेवडा आणलाय. पोरीला अक्कल आहे, हे मी कधी म्हटलं नव्हतं.

लिंबू तिच्या मांडीवर झोपलाय, पोट टम्म. गालाला सकाळचे ओट्स वाळून चिकटलेत, पुसू नको म्हटलं, उठेल. ऊन खिडकीतून निघून त्याच्या खुर्चीपर्यंत आलंय. सोनेरी कड चमकतेय, आत कोणी नाही.

मी तिला समजावून सांगितलंय. सकाळी ओट्स आधी पाण्यात शिजव, मग दूध. केळं पिकलेलं घे, काळे डाग पडलेलं. मीठ-साखर पडायच्या आधी त्याची वाटी काढ. फुटपट्टीला चहाला वर बोलाव, त्याला सांग आईने सांगितलंय, पाठ करून प्यायचा नाही. मग चमचा भर, फुंकर घाल आणि पहिला घास आईचा म्हण. तो इकडेतिकडे शोधेल. तेव्हा तू खा, त्याच्या देखत, दोन-तीनदा, आज दाखवलं तसं. कळेल त्याला.

ती म्हणाली, "मी मम्मीच बरी आहे."

"मम्मी काय शब्द आहे?" मी म्हटलं. "धुऊन पुसून ठेवल्यासारखा. उद्यापासून आई तू. आज नाही. आज दिवे लागेपर्यंत या घरात आई एकच आहे."

तिने घेवड्याची शेंग मोडली. मी हात पुढे केला आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या.